वाचकांचे प्रश्न : यंत्राला विचारण्याआधी कोणाला विचारावे?

या अंकासाठी सोलापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांत एकच विषय निरनिराळ्या रूपांत आला आहे : चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारखी जनरेटिव्ह एआयची साधने हाताशी असताना लोकांच्या अडचणींवर उपाय शोधण्याची 'डिझाइन थिंकिंग' ही पद्धत कशी वापरावी. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही चौघे संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकतो. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि त्याची वेळ नक्की नसते, म्हणून 'आमच्या भागात पाणी कधी येणार' याचे उत्तर देणारा व्हॉट्सअ‍ॅप चॅटबॉट आम्ही प्रकल्पासाठी निवडला. डिझाइन थिंकिंगच्या पाचही पायऱ्या आम्ही एआयच्या मदतीने पूर्ण केल्या. काल्पनिक नागरिकांचे पर्सोना (नमुना व्यक्तिचित्रे), त्यांच्या मुलाखती, समस्येचे विधान, भरपूर कल्पना आणि मोबाइलच्या पडद्यांचे आराखडे हे सारे एका संध्याकाळी तयार झाले. आमचे मार्गदर्शक मात्र म्हणतात की, तुमची पहिली पायरीच झालेली नाही. त्यांचे म्हणणे योग्य आहे का?
— चार विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे योग्य आहे, आणि ते का योग्य आहे हे नीट समजून घेतले तर तुमचा प्रकल्प वाचू शकेल.

ज्या पाच पायऱ्यांचा तुम्ही उल्लेख करता, म्हणजे वापरणाऱ्याला समजून घेणे, समस्या निश्चित करणे, कल्पना काढणे, कच्चा नमुना करणे आणि तो लोकांपुढे ठेवून तपासणे, त्यांतील पहिली आणि शेवटची पायरी माणसांमध्ये जाऊन करायची असते. मधल्या तीन टेबलाशी बसून करता येतात. एआयने या मधल्या तीन पायऱ्यांचा वेळ आणि खर्च जवळजवळ नाहीसा केला आहे. त्यामुळे वाचलेला सगळा वेळ पहिल्या आणि शेवटच्या पायरीला मिळायला हवा होता. तुम्ही तो वेळ वाचवून घरी गेलात, एवढाच तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप आहे.

भाषेचे मॉडेल हे प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे हे शिकलेले असते. तुम्ही त्याला 'सोलापुरातील एका गृहिणीची पाण्याविषयी मुलाखत लिही' असे सांगता, तेव्हा पाणीटंचाई आणि गृहिणी या विषयांवर आजवर जे लिहिले गेले आहे त्याची सरासरी ते तुमच्यापुढे ठेवते. पूर्व भागातील एखाद्या बोळातील पाण्याविषयी कोणी काही लिहिलेलेच नसेल, तर ते त्या मॉडेलमध्ये असण्याचे कारण नाही. शिवाय ही काल्पनिक गृहिणी फार सोयीची असते. ती मुद्देसूद बोलते, विचारले तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते, आणि तुमच्या चॅटबॉटची कल्पना तिला सांगितली की ती बहुधा स्वागतच करते. खऱ्या घरातील बाई मध्येच उठून जाते, प्रश्न सोडून मीटरवाल्याची तक्रार सांगते, आणि 'ॲप वगैरे मुलगा बघतो' असे म्हणून तुमचा सगळा आराखडा मोडून टाकते. या मोडण्यातूनच समस्या कळते, आणि ती कळण्यासाठीच पहिली पायरी असते.

म्हणून पुढच्या वेळी पाणी सुटण्याच्या दिवशी एखाद्या गल्लीत जा, आणि प्रश्नावली खिशातच राहू द्या. कोणाच्या घरी हौद आहे, कोणाकडे केवळ घागरी आणि प्लास्टिकची बॅरले आहेत, कोणी नळाला मोटार लावली आहे आणि त्यामुळे गल्लीच्या टोकाच्या घरात धार किती बारीक होते, हे उभ्या उभ्या दिसते. विडी कामगार बाई घरी विड्या वळते आणि त्या जमा करून पुढची पाने-तंबाखू आणण्यासाठी तिला कंपनीच्या शाखेत जावे लागते. पाणी नेमके त्याच वेळी आले तर भरणार कोण, हा तिचा प्रश्न आहे. घरातील फोन नवऱ्याबरोबर कारखान्यात किंवा मुलाबरोबर कॉलेजात असेल, तर तुमचा संदेश पोहोचूनही त्या घरात पोहोचलेला नसतो. दुसरीकडे, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याचा नंबर गल्लीत एखाद्याकडे असतो आणि बातमी तोंडी फिरते, असेही तुम्हाला आढळू शकेल. तसे असेल तर माहिती तिथे आधीच आहे, आणि तुमचा चॅटबॉट जी उणीव भरून काढणार आहे ती त्या गल्लीपुरती अस्तित्वातच नाही.

आता पाहा, यातून समस्येची किमान तीन वेगळी विधाने निघतात. पाणी कधी येणार हे कळत नाही. कळते, पण त्या वेळी भरायला घरी कोणी नसते. कोणी असते, पण टोकाच्या घराला पुरेसा दाब मिळत नाही. चॅटबॉट यांतील पहिल्याच विधानाला उपयोगी पडतो. दुसऱ्याला कदाचित शेजाऱ्यांनी एकमेकांचे पाणी भरण्याची व्यवस्था किंवा टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा बॉल-कॉक अधिक उपयोगी ठरेल, आणि तिसरा प्रश्न महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे पुराव्यानिशी न्यावा लागेल. तुमच्या गल्लीत कोणते विधान खरे आहे हे एआय सांगू शकत नाही. तुमच्याकडे अशी तीन विधाने आली, की प्रत्येकावर पंधरा-वीस उपाय सुचवणे हे काम मात्र ते उत्तम करते.

एआयला याहून अधिक चांगले कामही देता येईल. तुमच्या प्रश्नांची यादी त्याला द्या आणि यांतील कोणता प्रश्न समोरच्याच्या तोंडी उत्तर घालतो हे विचारा. 'तुम्हाला पाण्याची वेळ आधी कळली तर बरे होईल ना?' हा प्रश्न ते बहुधा लगेच पकडेल. प्रश्नांचे तेलुगू आणि कन्नड रूप करून घ्या, पण ते छापण्याआधी त्या भाषेत घरी बोलणाऱ्या मित्राला मोठ्याने वाचायला सांगा, कारण पुस्तकी तेलुगू आणि सोलापुरातील घरांत बोलली जाणारी तेलुगू यांत अंतर आहे. तुमच्या टिपणांचे गट करून घ्या. आणि शेवटी त्याला तुमच्या विरुद्ध उभे करा : 'हा प्रकल्प कोणत्या कारणांनी फसेल' असे विचारले की ते अशी कारणे देते जी मित्र संकोचाने सांगत नाहीत.

चाचणीसाठी कोड लिहिण्याची घाई करू नये. एक साधा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक घ्या, वीसेक घरांना तो द्या, हा प्रयोग आहे आणि उत्तरे माणूस देतो हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि तुमच्यापैकी एकाने पाण्याच्या काही पाळ्या हाताने उत्तरे देत राहावे. लोक खरोखर काय विचारतात, कोणत्या वेळी विचारतात आणि कोण मुळीच विचारत नाही, हे यातून जवळजवळ फुकटात कळते. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली असे मांडले होते की, पाच माणसांवर चाचणी घेतली तरी पडद्यावरील बहुतेक दोष उघडे पडतात. हे वाक्य विद्यार्थ्यांच्या अहवालांत फार आवडीने येते, म्हणून सांगतो : ते बटण सापडते की नाही यासारख्या दोषांपुरते आहे. गल्लीची गरज पाच जणांवरून ठरवता येत नाही, आणि त्यातही ते पाच जण तुमच्याच सोसायटीतील असतील तर मुळीच नाही.

प्रश्न : मी वस्त्रोद्योगातून निवृत्त झालो आहे. गिऱ्हाइकाला काय हवे ते पाहून माल काढणे ही आमच्या बाजारपेठेची पूर्वापार रीत आहे. तिला परदेशी नाव देऊन कार्यशाळा भरवण्यात नवीन काय? आणि आता त्यात एआयची भर कशासाठी?
— एक ज्येष्ठ वाचक, साखर पेठ

उत्तर : आपला आक्षेप अर्धा मान्य आहे. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवून दोन दिवसांत 'नवनिर्मिती' शिकवणाऱ्या कार्यशाळांबद्दल माझेही मत फारसे चांगले नाही. तरीही या विचाराला स्वतःचा इतिहास आहे. असलेली परिस्थिती हव्या त्या परिस्थितीत बदलण्याचा मार्ग जो आखतो तो अभिकल्पच (डिझाइनच) करत असतो, असे अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली मांडले. अभिकल्प आणि नगररचनेचे अभ्यासक होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, समाजातील बऱ्याच समस्या अशा असतात की त्यांची व्याख्या आणि त्यांचे उत्तर एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. कॅलिफोर्नियातील आयडिओ ही डिझाइन संस्था १९९१ मध्ये उभी राहिली आणि २००५ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातील डी-स्कूल हे डिझाइन शिकवणारे केंद्र सुरू झाले, तेव्हा या विचारांना आजचे पाच पायऱ्यांचे सुटसुटीत रूप आणि जगभर प्रसिद्धी मिळाली.

आपल्याला रुचेल असे उदाहरण मात्र आपल्याच देशातील आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला, आणि पुढे अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था त्यातून आकाराला आली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत अधिक भावला तो तांब्या, म्हणजे लोटा. त्याविषयी त्यांनी जे प्रश्न मांडले त्यांत त्यात किती द्रव मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून तो घासता येतो का, आतला द्रव गरम असेल तर तो हातात धरता येतो का, असे अनेक होते. तो कोण्या एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडला आहे, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. आपण म्हणता ती पूर्वापार रीत हीच.

फरक वेळेचा आहे. तांब्याला पिढ्या मिळाल्या. जयपूर फूटसारख्या वस्तूला तेवढा वेळ नव्हता : मांडी घालून आणि उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी शेतात उतरणाऱ्या माणसाला परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय जमत नाही हे ओळखून कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. जे काम वापरातून सावकाश होत असे ते हेतुपूर्वक आणि थोड्या काळात करण्याची शिस्त म्हणजे ही पद्धत. एआयने त्या शिस्तीतील नमुने करण्याचा भाग आणखी वेगवान केला. कोणत्या दिशेने वेगाने जायचे हे मात्र आपल्यासारख्या बाजार पाहिलेल्या माणसाला अजून विचारावेच लागते, आणि आपण एखाद्या विद्यार्थ्यांच्या गटाला तेवढा वेळ दिला तर मला आनंद होईल.

प्रश्न : आमचा टॉवेल आणि चादरींचा घरचा कारखाना आहे. मुलाने एआयवर चादरींच्या शेकडो नव्या नक्ष्या काढल्या. मोबाइलवर त्या अतिशय सुंदर दिसतात, पण आमचे डिझाइन मास्टर म्हणतात की यांतील एकही मागावर चढणार नाही. व्यापाऱ्यांनीही 'असे सगळीकडेच दिसते' म्हणून नाक मुरडले. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?
— कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : दोघांचेही ऐकावे, कारण दोघे दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आधी डिझाइन मास्टरांचे म्हणणे घेऊ. एआयने काढलेली प्रतिमा हा रंगीत ठिपक्यांचा पट आहे आणि त्यात रंगांच्या लाखो छटा असू शकतात. चादर ही ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) यांची वीण आहे. जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, चढणाऱ्या नक्षीच्या ग्राफमधील प्रत्येक चौकोनाला 'येथे ताण्याचा धागा वर की खाली' एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, मग तुमचे जॅकार्ड पत्ते पंच करून चालणारे जुने असो किंवा फाइल घेणारे इलेक्ट्रॉनिक. (फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणले आणि त्याचे छिद्रांचे पत्ते पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतले. म्हणजे संगणकाने मागाला नक्षी शिकवण्याआधी मागानेच संगणकाला पत्ते दिले आहेत; मुलाला हे जरूर सांगा.) बाण्याचे रंग मोजके असतात, जॅकार्डच्या हुकांच्या (ताण्याचे धागे उचलणाऱ्या आकड्यांच्या) संख्येवर नक्षीची रुंदी ठरते, आणि नक्षी जिथे संपते तिथून ती पुन्हा बेमालूम सुरू व्हावी लागते. प्रतिमेतील सुंदर, सलग, मोठा रंगाचा पट्टा विणताना धागा लांबवर बांधणीशिवाय सुटतो आणि पहिल्याच धुण्यात बांगडीत किंवा नखात अडकून ओढला जातो. टॉवेलात तर लूप (धाग्याचे उभे फासे) असल्यामुळे बारीक रेषा दिसतच नाही. मोर काढला असेल तर त्याच्या पिसाऱ्याचा एक ढब्बा होतो.

यावर उपाय एआय सोडून देणे हा नाही. मुलाला आणि मास्टरांना एका टेबलाशी बसवावे, आणि प्रॉम्प्ट (यंत्राला द्यायची सूचना) लिहिण्याआधी मास्टरांनी मागाच्या मर्यादा बोलून दाखवाव्यात : रंग किती, रिपीट (नक्षी पुन्हा सुरू होण्याचे अंतर) किती इंचांचे, किनार कोणती, धागा जास्तीत जास्त किती सुटलेला चालेल. मुलाने त्या शब्दशः प्रॉम्प्टमध्ये घालाव्यात. तरीही यंत्र त्या सगळ्या पाळेलच असे नाही; रंग मोजून सांगितले तरी ते छटा मिसळते. म्हणून आलेली प्रतिमा सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक रंगांवर उतरवून ग्राफवर घेण्याचे काम मास्टरांकडेच राहील. मात्र त्यांना कोऱ्या कागदावरून सुरुवात करावी लागणार नाही, आणि नाकारायला भरपूर नक्ष्या मिळतील. अनुभवी माणसाने नक्षी का नाकारली हे मुलाने दर वेळी लिहून ठेवावे. तुमच्या कारखान्याचे खरे ज्ञान त्या वहीत जमा होईल, आणि पुढच्या प्रॉम्प्टला तेच लागणार आहे.

आता व्यापारी. 'असे सगळीकडे दिसते' या त्यांच्या शेऱ्यामागेही कारण आहे. सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लेखकांना लघुकथेसाठी एआयने सुचवलेल्या कल्पना दिल्या होत्या. त्या कथा वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, पण एआयची मदत न घेतलेल्या कथांपेक्षा त्या एकमेकींसारख्या अधिक होत्या. तो प्रयोग कथांचा होता, चादरींचा नव्हे. तरी प्रत्येक कारखानदाराचा मुलगा त्याच साधनाला 'पारंपरिक भारतीय नक्षी' असे सांगणार असेल तर बाजारात काय येईल हे व्यापाऱ्याला आधीच दिसते. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूची अधिकृत नोंद) मिळालेला आहे. जी वस्तू गावाच्या नावाने ओळखली जाते तिची नक्षी कुठूनही आलेली दिसली, तर नावाचा उपयोग उरत नाही. आपल्या जुन्या नमुन्यांची पुस्तके, पंच केलेले जुने पत्ते, कोठारातील उरलेल्या चादरी यांचे फोटो काढून त्यांवरून काम करायला यंत्राला सांगितले तर निदान आरंभ तरी तुमचा स्वतःचा असेल. मात्र असे फोटो कोणत्या सेवेवर टाकतो आणि ती सेवा ते पुढे स्वतःच्या प्रशिक्षणाला वापरते का, ही सेटिंग आधी पाहावी.

या सगळ्यात एक माणूस कोणीच विचारात घेतलेला दिसत नाही, आणि तो म्हणजे वापरणारा. तुमचा टॉवेल हॉटेलात जात असेल तर त्याची पारख पाहुणा एकदा करतो आणि लाँड्रीतील कामगार रोज करतो. तो टॉवेल गरम पाण्यात किती वेळा जातो, कोणती कड आधी उसवते, घडी घालताना जाड किनारीमुळे थप्पी कशी कलंडते, पांढऱ्या टॉवेलातील रंगीत पट्टी उतरल्यावर तो बाजूला कसा काढला जातो, हे त्याला ठाऊक असते. एखाद्या ओळखीच्या हॉटेलच्या लाँड्रीत मुलाला अर्धा दिवस पाठवा. तेथून परतल्यावर त्याला नव्या नक्षीपेक्षा नवी किनार करावीशी वाटली तर तो खर्च तुम्ही आनंदाने करावा असे मी सुचवेन. चादरीचेही तसेच : वसतिगृहातील विद्यार्थी आणि प्रवासात ती खांद्यावरच्या पिशवीत नेणारा माणूस वजनाबद्दल आणि वाळायला लागणाऱ्या वेळेबद्दल बोलतील, मोराबद्दल क्वचितच.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे बरेच सभासद यंत्रमाग आणि विडी कामगार आहेत. कर्जाचा अर्ज अनेक जण अर्धवट सोडून जातात, म्हणून संचालक मंडळ एआय चॅटबॉट घेण्याच्या विचारात आहे. तत्पूर्वी सभासदांच्या मुलाखती रेकॉर्ड करून त्यांचा सारांश एआयकडून काढावा, असे मी सुचवले. ते योग्य होईल का?
— शाखा व्यवस्थापक, पूर्व भाग

उत्तर : मुलाखतींची सूचना चांगली आहे. रेकॉर्डिंगबाबत मात्र काळजी घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घेणे हे त्याचे मूळ सूत्र आहे. कायदा नसता तरी कर्ज मागायला आलेल्या माणसाचे बोलणे त्याला न विचारता तिसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवणे शोभले नसते. त्याच्या भाषेत, तोंडी, दोन वाक्यांत विचारावे. नको म्हणाला तर हाताने टिपणे घ्यावीत. आणि यंत्राला मजकूर देण्याआधी नाव, खातेक्रमांक, आधार क्रमांक, पत्ता काढून टाकावा.

सारांशात दोन ठिकाणी फसगत होते. आपल्याकडचा माणूस एका वाक्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी मिसळून बोलतो, आणि आवाजावरून मजकूर करणारी साधने अशा मिश्रणात विशेषतः नावे आणि रकमा चुकवतात. 'साडेतीनशे', 'अडीच हजार' यांसारखे आकडे रेकॉर्डिंगशी ताडून पाहिल्याशिवाय धरू नयेत. केंद्र सरकारच्या भाषिणी या उपक्रमात भारतीय भाषांसाठी भाषांतराची आणि आवाज ओळखण्याची साधने उपलब्ध आहेत, ती जरूर अजमावावीत, पण हाच नियम त्यांनाही लावावा. दुसरे असे की, सारांश करताना यंत्र बहुसंख्यांचे म्हणणे पुढे आणते आणि एकट्याचे विचित्र वाक्य गाळते. म्हणून त्याला प्रत्येक निष्कर्षाखाली मूळ वाक्य जसेच्या तसे द्यायला सांगावे आणि ते वाक्य मजकुरात खरोखर आहे का हे शोधून पाहावे. नसलेली वाक्ये अवतरणचिन्हांत घालून देण्याची या साधनांची खोड अजून गेलेली नाही.

याहूनही आधी मी एक दिवस काउंटरजवळ बसेन आणि अर्ज भरणाऱ्याचे पेन कुठे थांबते ते पाहीन. ते जामीनदाराच्या रकान्यापाशी थांबत असेल, तर अडचण वाचण्याची नसून कोणाकडे तरी शब्द टाकण्याची आहे, आणि ती चॅटबॉट सोडवणार नाही. ते 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यापाशी थांबत असेल, तर आठवड्याच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्याला वर्षाचा आकडा मनात काढावा लागतो आहे; तिथे 'आठवड्याला किती' असा रकाना करून गुणाकार संस्थेने करावा. अर्जाची सोपी मराठी आणि तेलुगू रूपे एआयकडून करून घेऊन ती काउंटरवर आळीपाळीने ठेवली, तर कोणता अर्ज पूर्ण भरला जातो हे थोड्याच दिवसांत समजेल. संचालक मंडळाने चॅटबॉटचा निर्णय त्या आकड्यांनंतर घ्यावा.

प्रश्न : आमच्या शाळेत दुपारच्या जेवणानंतर ताटे धुण्यासाठी नळावर गर्दी होते. आठवीची मुले डिझाइन थिंकिंगने हा प्रश्न सोडवू इच्छितात. त्यांना एआय वापरू द्यावे का? मुलांची घरची भाषा कन्नड आहे.
— शिक्षिका, अक्कलकोट तालुका

उत्तर : मुलांच्या हाती देऊ नये, आपण स्वतः वापरावे. चॅटजीपीटीसारख्या सेवेला किमान तेरा वर्षे वय आणि अठराखालील मुलांसाठी पालकांची परवानगी लागते, आणि आठवीच्या वर्गात काही मुले त्या सीमेवरच असतात. तसेच मुलांनी आपल्या कल्पना आधी कन्नडमध्ये किंवा चित्रांत कागदावर उतरवाव्यात आणि मगच आपण यंत्राची यादी फळ्यावर लिहावी, कारण ती यादी एकदा पाहिली की मुले तिच्यातूनच निवड करू लागतात. गर्दी नळामुळे होते, की सर्व वर्ग एकाच वेळी सोडल्यामुळे, की ताटाला चिकटलेली खिचडी घासायला वेळ लागतो म्हणून, हे त्यांना घड्याळ घेऊन मोजू द्यावे, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही विचारायला लावावे. नवा नळ मागण्याआधी तोटी लावलेले एक पिंप आणि उष्टे खरवडण्यासाठी एक बादली ठेवून आठवडाभर पाहावे. मुख्याध्यापकांकडे खर्चाचा अर्ज त्यानंतर, मुलांच्या नोंदी जोडून द्यावा.